मेपलच्या पोटातली खूण

सतरा वर्षं मी जमीन कंपनीची मोजणीची साखळी ओढली. डोंगरापलीकडची खोरीच्या खोरी सहासष्ट-सहासष्ट फुटांनी मोजली, आणि माझी म्हणावी अशी माती फक्त बुटांना चिकटलेली. त्यामुळे जमीन कोणाची हा प्रश्न निघाला की माझं डोकं लगेच तापतं.

जेनेट रँकिनचं प्रकरण माझ्यासमोर घडलं. तिचा नवरा आर्ची आमच्या साखळीआधीच या खोऱ्यात पोचला होता, असं ती सांगायची. झऱ्याकाठच्या मेपलची साल कुऱ्हाडीने सोलून त्याने आपल्या नावाची दोन अक्षरं कोरली होती, आणि तेवढ्यावर शेजारीपाजारी जमीन त्याची मानत. कंपनीला हे खोरं मिळालं ते राजाच्या कागदावर. राजाने खोरं पाहिलेलं नव्हतं. पण कंपनीने एक नियम केला होता: ज्याची कुऱ्हाड साखळीआधी लागली त्याची जमीन त्याची, बाकीच्यांनी विकत घ्यावी नाहीतर चालतं व्हावं. आर्ची तापाने गेला, अक्षरांवर नवी साल चढून फुगवटा आला. जेनेटपाशी उरल्या दोन मुली, एक गाय आणि झाडावरचा तो फुगवटा.

त्याच झऱ्यावर थंडी सैलावली की साल्मी यायची. ती लेनापे होती, या खोऱ्यातल्या मूळच्या लोकांपैकी; मेपलचा रस काढून साखर करायला येई. गेल्या वर्षी जेनेटने तिला हाकललं.

"ही झाडं माझ्या आईची," साल्मी म्हणाली.

"हो का? मग दाखव की तिची खूण! माझ्या नवऱ्याची ही इथं आहे."

साल्मी कढई उचलून निघून गेली. मी हसलो होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

यंदा फेब्रुवारीत मोजणीदार प्राउटीसाहेब आले. आमची साखळी इथे फिरली त्याला आठ वर्षं झाली होती. साहेबांनी फुगवट्यावर बोट फिरवलं.

"बाई, असा फुगवटा माझ्या सासऱ्याच्या नाकावरही आहे. त्यावरून वर्ष कसं कळायचं?"

"मग कापा ना," जेनेट म्हणाली. "झाड काही कंपनीच्या पगारावर नाही, खरं तेच सांगेल."

"उलटं निघालं तर पेरणीआधी घर सोडावं लागेल."

"सोडीन. टोबी, बघत काय बसलास मेल्या? घाल कुऱ्हाड!"

तिचा आवाज कडक होता, पण दोन्ही मुलींचे हात तिने घट्ट धरले होते. मी वर-खाली खाचा घालून विटेएवढा खोल ठोकळा काढला आणि जुन्या घावाच्या रेषेवर पाचर ठोकली. लाकूड दुभंगलं. एका फाळीवर आर्चीची अक्षरं निघाली, दुसरीवर तीच उलटी, आरशात पाहावीत तशी. साहेबांनी चष्मा चढवून अक्षरांवर चढलेली वलयं, वर्षाला एक, सुईच्या टोकाने मोजली, मग पुन्हा मोजली.

"दहा," ते म्हणाले. माणूस कंपनीचा असला तरी खोटा नव्हता. "जमीन तुमची, बाई. हा ठोकळा जपा. कोर्टात हाच तुमचा कागद."

जेनेट खाली बसली आणि रडली. मीही डोळे पुसले. ठोकळा तिने मांडीवर घेतला, अक्षरांवरून हात फिरवला, आणि एकदम थांबली.

अक्षरांच्या खूप आत, कापलेल्या बाजूला, एक काळी तिरकी चीर होती. रसासाठी बायका घालतात तशीच. तिच्यावर लाकूड भरून आलं होतं. साहेबांनी तिच्यावरची वलयं मोजायला घेतली आणि चाळिसाशी सोडून दिली.

"किडीने पोखरलं असेल," ते म्हणाले. "नियमात ते बसत नाही."

जेनेटने ठोकळा उचलून घरात नेला.

बारा दिवसांनी साल्मी आली. झाडातलं भगदाड पाहून ती तिथेच उभी राहिली. मी जेनेटला हळूच म्हटलं, "काही दाखवायला जाऊ नकोस."

"तू गप रे," ती म्हणाली. घरात गेली, ठोकळा आणला आणि साल्मीच्या हातात ठेवला.

साल्मीने आधी आर्चीची अक्षरं पाहिली, मग कड फिरवली. तिचं बोट त्या चिरेवर टेकलं.

"उलट्या बाजूला तिरकी आहे," ती म्हणाली. "माझी आई डावरी होती."

मग जेनेट म्हणाली, "साखर कर तू. दर वर्षी ये. मी अडवणार नाही."

"तुझ्यानंतर जो येईल तो?"

जेनेटने माझ्याकडे पाहिलं. या खोऱ्याचा नकाशा माझ्या साखळीने झाला होता.

साल्मीने ठोकळा तिच्यापुढे धरला. "ठेव. तुलाही कोणीतरी खूण विचारील."

मला वाटलं, जेनेट नको म्हणेल. तिचा हात अर्ध्यावर थांबलाही. पण मागे दारात मुली उभ्या होत्या, आणि तिने ठोकळा घेतला. तिच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता.

घरात जाऊन तिने तो चुलीवरच्या फळीवर ठेवला, अक्षरं पुढे आणि ती तिरकी चीर भिंतीकडे करून.