शीतलबाबांची संन्यासी नळी

अकोटच्या जिनिंगमागच्या पटांगणात अर्धं गाव एका गाडीच्या मागच्या बाजूला हात जोडून उभं होतं. पुढच्या बाजूला कोणी फिरकत नव्हतं, कारण चमत्कार मागं होता.

शीतलबाबांच्या गाडीला कंपनीचा सायलेन्सर नव्हता. बाहेरून बसवून घेतलेला होता, पांढुरका, दोन तोंडांचा. इंजिन पाव तासापासून घरघरत होतं. बाबांनी सायलेन्सरवर चिमूटभर भस्म टाकलं, उजव्या तोंडावर लोण्याचा गोळा ठेवला आणि डोळे मिटले. लोणी जसंच्या तसं. मग गोळा उचलून त्यांनी तिथंच तळहात टेकवला आणि हसले. गर्दीतून एक लांबलचक "बाप्पा" निघाला.

"जे भस्म लोखंडाचा ताप पिते," बाबा म्हणाले, "ते लेकराचा ताप सोडीन व्हय?"

खांद्यावर देवश्रीला घेऊन सीमा चौथ्या रांगेत होती. पोर दोन वर्षांची. आज तापाचा तिसरा दिवस. सासूबाई सत्यवतीबाईंनी पहिल्याच दिवशी भस्म आणलं होतं, आणि त्यासोबत नियमही: तीन दिवस औषध नाही, थर्मामीटर नाही, शंका घेतली की भस्म उलटतं. सीमानं दोन रात्री देवूच्या नाकाखाली बोट धरून काढल्या होत्या.

"आई, दवाखान्यात नेऊ. कपाळ पाहा कसं तापलं."

"तळपाय पाह्य आधी," सत्यवतीबाई म्हणाल्या. "गार हायेत. ताप उतरून राहिला. आता शेवटचं भस्म घेऊ अन् जाऊ."

तळपाय खरंच गार होते. म्हणूनच सीमा रांगेत पुढं सरकली. पण तिच्या पोटरीवर लहानपणीचा रुपयाएवढा डाग होता, बापाच्या मोटरसायकलवरून उतरताना बसलेल्या चटक्याचा. चालत्या गाडीचा सायलेन्सर गार असतो, ही गोष्ट त्या पोटरीला काही पटेना.

तिची पाळी आली. सगळे वाकत होते तशी तीही वाकली, आणि वाकता वाकता देवूच्या गळ्यातलं लाळेरं काढून डाव्या तोंडासमोर धरलं. लाळेरं फडफडलं. मग उजव्या तोंडासमोर धरलं.

हललंच नाही. ज्या हातानं दोन रात्री श्वास मोजला होता, त्याला हे कळायला वेळ लागला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "ही नळी श्वास घेत नाही."

"माय, ती संन्यासी नळी हाय," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "डावी संसाराची. संसारात धूर राहणारच."

मागं कोणीतरी खुदकन हसलं.

"मग संसारी माणसांना संसाराचीच दाखवा. तेच भस्म टाका अन् लोणी डाव्या तोंडावर ठेवा."

"सीमा, चूप राह्य," सत्यवतीबाई पुटपुटल्या. "भस्म उलटीन."

बाबांनी मौन धरलं. हे मौन आत्ताच सुरू झालेलं दिसत होतं. सीमानं ताटलीतलं भस्म उचललं, डाव्या तोंडावर शिंपडलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. गोळ्यानं अंग सैल सोडलं, घसरला, आणि त्याचं तूप होऊन धुळीत टपटपलं.

एवढ्यात रांगेतले डोमाजी पुढं आले. गॅरेजवाले, गुडघ्यासाठी भस्म घ्यायला आलेले. सायलेन्सरकडं पाहत त्यांनी डोकं खाजवलं.

"हा पांढरा लेप तं मीच मारला. सिरॅमिकचा. फवारा लागते, मंग भट्टीत पिकवा लागते."

"मग तुम्ही रांगेत काहून, काका?" सीमानं विचारलं.

"मले वाटलं, माह्या लेपावर बाबाची किरपा झाली," डोमाजी ओशाळून म्हणाले. "तो लेप ताप कमी नाही करत, पोरी. थर्मासवानी आतच धरून ठेवते, बाहेर कमी येऊ देते. आतला सारा जाळ तोंडातून निघते." त्यांनी वाकून उजव्या तोंडात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरावर अडलं. "हे तं बंद हाय. शोभेचं. याले धूर कधी दिसलाच नाही, तं तापीन कायले?"

मग सगळं पटांगणच हसलं. हसू ओसरेस्तोवर बाबांना घेऊन ड्रायव्हरनं गाडी रस्त्याला लावली होती. संन्यासी नळी आणि संसारी नळी, दोघी एकाच वेगानं पळाल्या.

सत्यवतीबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या मुठीत देवूचा गार तळपाय होता. त्यांनी दुसरा हात हळूच पोरीच्या पोटावर ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"चाल," त्या म्हणाल्या. "रिक्षा पाह्य."

दवाखान्यात थर्मामीटरनं एकशे तीनच्या वर आकडा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध दिलं आणि सांगितलं, "ताप चढताना लेकराचे हातपाय गारच पडतात, आजी. रक्त आत ओढलं जातं. पायाला हात लावून ताप मोजू नका, अन् एवढं लहान लेकरू तीन दिवस घरी ठेवू नका."

चौथ्या दिवशी देवूनं वरणभात मागितला, आणि अर्धा सांडला.

शेजारीण भस्माची पुडी विचारायला आली तेव्हा सत्यवतीबाई ओसरीवर बसून तो भात पुसत होत्या.

"पुडी फेकली," त्या म्हणाल्या. "मी गार तेवढं चाचपत बसली, बाई. तू तशी बह्याड नको होऊ. कोणी चमत्कार दाखवला तं हात मंग जोडजो. लोणी कुठी ठेवलं, ते आधी पाह्यजो."