शिंपी पक्ष्याच्या शेजारचं वांगं

जळगावात गच्चीवर गुलाब लावणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. भूपेंद्रने भरताचं वांगं लावलं. त्याचे सासरे झुलालनाना दर हिवाळ्यात एरंडोलहून भरीत खायला येत आणि बजावत, "जवाईबापू, कुंडीमा वांगं व्हत नही. शोभा व्हस." यंदा नानांना कुंडीतल्याच वांग्याचं भरीत खाऊ घालायचं आणि त्यांच्या तोंडून "बरं आहे" एवढं वदवून घ्यायचं, हे भूपेंद्रचं जीवितकार्य होऊन बसलं होतं.

झाडाला एकच वांगं धरलं, पण तान्ह्या बाळाएवढं. आणि नाना यायच्या तोंडावर शिंपी पक्षिणीने त्याला लागूनचं पान कापसाच्या तंतूंनी शिवलं, आत अंडी घातली आणि ठाण मांडलं.

"हळूच तोडा की," त्याची बायको रत्ना म्हणाली.

भूपेंद्रने कात्री पुढे केली. अंगठ्याएवढी ती पक्षीण अशी काही ओरडली की तो मागच्या झेंडूत जाऊन बसला.

नाना आले ते काखेत कपाशीच्या काड्यांचा भारा घेऊनच. दुसऱ्या कशावर भाजलेलं भरीत ते खात नसत. थेट गच्चीवर गेले.

"हाई तुमनं वांगं? तोडा!"

"नाना, पाखरू अंड्यांवर आहे."

"पाखरू काय जवाई शे, इतला मान द्याले?" म्हणत नानांनी हात घातला. पक्षिणीने त्यांनाही झापलं. नाना दोन पावलं मागे सरले आणि एकदम कुजबुजले, "बाळंतीण शे. कोणी बोलू नका."

भरीत बाजारच्या वांग्यांचं झालं. धूर नको म्हणून वांगी गल्लीत भाजली, आवाज नको म्हणून शेजाऱ्यांकडे ठेचली. नाना मात्र परत जाईनात. पिल्लं उडाल्यावर वांगं खाऊ, मग सांगू, म्हणाले. खाट गच्चीवर गेली. कुकरच्या शिट्टीवर बंदी आली. रत्ना माहेरच्या माणसाला काही बोलू शकेना, म्हणून भूपेंद्रला बोलू लागली.

पिल्लं उडाली तोवर वांगं पिवळंधमक, निबर झालं होतं. भूपेंद्रला रडूच यायचं बाकी होतं. नानांनी ते तोडलं, थोपटलं आणि उपरण्यात बांधलं.

"कुठे नेता?"

"बियाण्याले."

शेतकरी बियाण्याला भलतंसलतं वांगं नेत नाही. भूपेंद्र त्यांच्या मागोमाग खाली रिक्षापर्यंत धावला. "म्हणजे बरं आहे ना, नाना?"

"आते काय सांगू? पुढला वरीसले मन्हा वावरमा लावसू, खासू, मंग सांगसू." नाना रिक्षात बसले. "मन्हा वावरनं शे म्हनीसन बरंच लागी."