तिसऱ्या स्टँडवरची दोघं

गेले तीन महिने मी रोज व्हायोलिन घेऊन कामावर जात होते आणि निम्मा वेळ ते वाजवत नव्हते. मोठ्या आवाजाचं, धावपळीचं जे काही असेल ते मी नेटाने वाजवायची. पण संगीत अगदी हळू झालं, की माझा गज तारेपासून केसभर वर उचलला जायचा आणि हवेतच पुढे-मागे व्हायचा. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर तल्लीन भाव. इतका अभिनय मी करत होते, की मला खाली वादकांत न बसवता वर रंगमंचावरच उभं करायला हवं होतं.

हे सुरू झालं एका शनिवारी. शनिवार-रविवार आमच्या संगीतिकेचे दोन-दोन प्रयोग असतात. आठवड्याचे एकूण नऊ, वर तालमी वेगळ्या. आम्ही बसतो रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात. तिथे उजेड फक्त नोटेशनच्या पानांपुरता, गार हवा थेट मानेवर, आणि पाठीमागे पितळी वाद्यवाले थेट कानात फुंकत असतात. त्या शनिवारी दुसऱ्या प्रयोगात नायिका मरायला टेकली आणि आम्हाला तिच्या श्वासाइतकं हळू वाजवायचं होतं. माझा गज तारेवर उड्या मारायला लागला. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. हात माझा, पण ऐकेना. मी घाबरून गज उचलला, आणि काय आश्चर्य, काहीही झालं नाही. नायिका वेळेत मेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकूण चौदा व्हायोलिन. त्यातलं एक गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागतो?

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढेही धड लागली नाही. जेवताना, भाजी चिरताना, मुलीची वेणी घालताना मी उजव्या हाताकडे बघत बसायची. घरी दार लावून वाजवलं की हात शहाण्यासारखा वागायचा. खड्ड्यात उतरलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

सांगायचं कुणाला? आमच्याकडे आजारपणाची रजा मिळते, नाही असं नाही. पण तुमच्या जागी बदली वादक येतो, आणि तो तरुण असतो, हसतमुख असतो, आणि तुमच्या खुर्चीत फार छान दिसतो. कॉरिडॉरमध्ये एक पोस्टर आहे. 'मन मोकळं करा' असं लिहिलंय, खाली समुपदेशकाचा नंबर. भेटीची वेळ घ्यायची तर अर्जावर मॅनेजरची सही लागते. म्हणजे आधी मॅनेजरपाशी मन मोकळं करायचं. त्या पोस्टरपुढून जाताना आम्ही सगळे बुटाची नाडी बघत जातो.

नवऱ्याला सांगावं, तर तो शाळेत गणित शिकवणारा माणूस. प्रत्येक अडचणीला त्याच्याकडे उत्तर असतं आणि मला उत्तर नको होतं. तो रोज विचारायचा, "कशी झाली तालीम?" मी म्हणायची, "मस्त." मुलीला तर आईचा कोण अभिमान. लहानपणी तिला वाटायचं, पुढे उभा राहून काठी हलवणारा आमचा कंडक्टर तिकिटं फाडतो. आता ती मोठी झाली होती आणि वर्गात सांगत होती, माझी आई वाजवते म्हणून.

त्यात सूचना लागली. पुढच्या हंगामापासून चौदाच्या जागी बारा व्हायोलिन. दोन खुर्च्या जाणार. कोणाच्या, ते लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून जो तो दुसऱ्याच्या गजाकडे बघायला लागला. नोकरी गेली तर पोट भरायला शिकवण्या घेता येतील, भीती ती नव्हती. एकोणीस वर्षं मी हेच केलं होतं. मला दुसरं काही येत नाही, आणि आता हेही येत नाही, हे चारचौघांत उघडं पडणार होतं.

एकच आधार होता. आबा.

आबा माझे जोडीदार. आमच्यात दोघांत एक स्टँड असतो. दोघांनी एकाच कागदावरून वाजवायचं, आत बसणाऱ्याने पान उलटायचं, बाहेरच्याने त्या वेळी वाजवत राहायचं. मी आत, आबा बाहेर. तिसरा स्टँड. त्यांना हे नाव तिशीतच पडलं होतं, कारण तेव्हापासून ते उन्हाळ्यातही स्वेटर घालून खड्ड्यात बसत. आता ते खरोखरच आबा झाले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गेली अकरा वर्षं आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसत होतो. त्यांच्या खोकल्याच्या गोळीचा वास मला पाठ होता आणि माझं घरचं भांडण झालंय हे त्यांना मी गजाला राळ कशी घासते त्यावरून कळायचं.

मी हवेत वाजवत असताना आबांचा आवाज मला सांभाळून घ्यायचा. काय आवाज! पातळ, एकसारखा, कुठे खळ नाही. मी मनात म्हणायची, आबा आहेत तोवर आपला स्टँड गप्प नाही. एकदा तर न राहवून मी त्यांना म्हटलंसुद्धा, "आबा, हळू वाजवावं तर तुम्हीच." ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "अगं, तू आहेस म्हणून चाललंय." मला वाटलं, केवढा हा विनय.

मग तो मंगळवार आला. सकाळची तालीम, नव्या प्रयोगाची. कंडक्टरला म्हणे आदल्या प्रयोगात व्हायोलिनचा हळू भाग 'पोकळ' वाटला होता. त्याने हात वर केला, सगळे थांबले.

"फक्त व्हायोलिन," तो म्हणाला. "एकेक स्टँड. पहिल्यापासून. हळू भागाच्या पहिल्या दोन ओळी."

माझ्या कानात गरम वाफ शिरली. पहिल्या स्टँडने वाजवलं. बरं वाजवलं. दुसऱ्याने वाजवलं. मी मनाशी हिशेब केला. दोघंच असलो तरी आबा आहेत. मी गज वर ठेवते, आबा वाजवतील, एकाचा आवाज दोघांचा म्हणून खपेल. दोन ओळी म्हणजे अर्धं मिनिट. अर्धं मिनिट कसंही निघतं.

"तिसरा."

त्याने काठी खाली आणली. माझा गज निघाला, आबांचा निघाला. दोघांचे गज अगदी बरोबरीने, एका लयीत, सुरेख. आणि आवाज नाही.

काही म्हणजे काही नाही. वरच्या दिव्याची गुणगुण ऐकू येत होती. मला आधी वाटलं माझे कान गेले. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून आबांच्या गजाकडे पाहिलं. तो तारेच्या केसभर वर होता. आबा माझ्या गजाकडे बघत होते.

अकरा वर्षांत आम्ही एकमेकांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तो पातळ, एकसारखा आवाज मागच्या चौथ्या स्टँडचा होता. मी ज्याच्या आड लपत होते तो माणूस माझ्या आड लपला होता.

कुणीतरी फिसकन हसलं. कंडक्टरला वाटलं आमचं सुरू व्हायचं चुकलं. "पुन्हा," तो म्हणाला. काठी खाली आली. मला वाजवायचं होतं, देवाशपथ वाजवायचं होतं. पण हात दगड झाला. पुन्हा तेच. दोन गज हवेत, आणि चाळीस माणसं श्वास रोखून बसलेली.

"कोण वाजवत नाहीये?" कंडक्टरने विचारलं.

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण आबा उभे राहिले.

"मी, सर," ते म्हणाले. "माझा हात चालत नाही. ही वाजवणार होती, मीच हळूच खूण केली थांब म्हणून. मला लाज वाटली, एकटीचा आवाज आला असता म्हणून."

कंडक्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळ्यांना चहाची सुट्टी दिली आणि आबांना मॅनेजरच्या खोलीत जायला सांगितलं. आबांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, स्वेटरची बटणं लावली आणि माझ्याकडे न बघता गेले.

मग सगळे माझ्याभोवती जमले. हे मला कधी विसरता येणार नाही. बासरीवाली माझा खांदा चोळत म्हणाली, "बिचारे आबा. वय झालं गं." चौथ्या स्टँडवरचा म्हणाला, "तुला किती अवघड झालं असेल." आणि मी मान हलवली! हो, झालं अवघड, अशी. त्यांनी दिलेला चहा मी घेतला आणि प्यायले. चांगला होता चहा. आतून एक आवाज म्हणत होता, सुटलीस. एक खुर्ची गेली, तेरा उरले, आता तुझ्यावर नजर कोण ठेवतंय? त्या आवाजाची मला इतकी किळस आली, की उरलेला चहा मी कुंडीत ओतला आणि जिना चढायला लागले. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. मला तिथे बसवतच नव्हतं.

मॅनेजरच्या खोलीत आबा खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि मॅनेजर त्यांच्यापुढे एक फॉर्म सरकवत होता. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या टेबलावर पोचेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा फॉर्म झालेला असतो.

"आबांनी खोटं सांगितलंय," मी दारातूनच म्हटलं.

"तू जा," आबा म्हणाले.

"यांनी मला खूण वगैरे काही केली नाही. मीही वाजवत नव्हते. तीन महिने झाले. हळू भाग आला की माझा हात थरथरतो. घरी थरथरत नाही, इथे थरथरतो. झोप लागत नाही. इथे यायचं म्हटलं की सकाळी मळमळतं."

"अगं, गप्प बस ना!" आबा ओरडले. अकरा वर्षांत त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी हे ऐकलं नाही असं समजू का? नीट विचार करा."

खरं सांगते, मी केला विचार. दोन-तीन श्वासांचा. मुलीचा चेहरा आला डोळ्यांपुढे. मग मी म्हटलं, "नाही. ऐका."

तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला. मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलणार.

"बरं झालं म्हणा," तो म्हणाला. "दोन खुर्च्या कुठून काढायच्या या विचाराने मला महिनाभर झोप नव्हती."

दुष्टपणाने नाही म्हणाला. सुटल्यासारखा म्हणाला. म्हणून तर मला रागावताही येईना. त्याने ड्रॉवरमधून दुसरा फॉर्म काढला.

बाहेर जिन्यात आबा मला काय काय बोलले. "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? माझी दोन वर्षं राहिली होती, तुझी वीस आहेत. एक काम धड करत होतो, तेही करू दिलं नाहीस. आता दोघंही गेलो. झालं समाधान?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते मला पचलं नसतं."

"पचवायचं! मी नाही पचवत? तीन वर्षं झाली मला."

"तीन वर्षं?"

ते पायरीवर बसले. गुडघे दोन्ही हातांनी धरले होते आणि आता, कुणी बघणारं नसताना, ते हात उघड उघड कापत होते. मी शेजारी बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला उठायला न सांगताच घरी काकूंना लावला.

"ऐकतेस का? मी आहे... नाही, जेवलो नाही अजून. ऐक. मी नीट वाजवत नाहीये. बरेच दिवस. हात... हो." पलीकडून काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आबांनी डोळे मिटले. "येतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तीन वर्षांत तुझी एक तार तुटली नाही. मला काय कळत नाही?" त्यांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबले होते."

ते उठले, माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि कठड्याला धरून खाली उतरत गेले. खाली तालीम पुन्हा सुरू झाली होती, आमच्याशिवाय. फरक काही कळत नव्हता.

मी नवऱ्याला फोन लावला. त्याची मधली सुट्टी होती, मागे पोरांचा कल्ला.

"काय गं, या वेळी? तालीम संपली का?"

"माझी संपली," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. शनिवारपासून फॉर्मपर्यंत. मी थांबले तेव्हा त्याच्याकडचा कल्लाही थांबला होता, बहुतेक तो कुठेतरी बाजूला गेला असावा.

"मी रोज विचारत होतो," तो म्हणाला. "रोज मस्त म्हणायचीस." त्याचा आवाज फुटला.

नेहमीच्या सवयीने मी म्हणणार होते, काळजी करू नकोस. पण काळजी करण्यासारखंच होतं सगळं.

"काळजी कर," मी म्हटलं. "मला एकटीला नाही जमत आता."