फ्रीजरची उजवी बाजू

पुंता कोबो या कोळ्यांच्या गावात वीज गेली की घरोघरी एकच हुकूम सुटतो: फ्रीजर उघडायचा नाही. एदेल्मिराच्या घरी तर वीज असतानाही तिच्याशिवाय कुणाला तो उघडायची मुभा नव्हती. तिचा नवरा ओनेलिओ चाळीस वर्षं समुद्रावर जात होता, वादळात बोट हाकत होता, पण स्वतःच्या घरातल्या बर्फाचा खडा त्याला मागून घ्यावा लागे.

तिची ऐट उगाच नव्हती. मासा बोटीवरच रक्त काढून, पोट साफ करून यायला हवा, हा तिचा नियम. मग ती तुकडे करी, फडक्याने टिपून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत रची आणि ते बुडतील इतकं गार पाणी ओतून डबे गोठवी. वारा लागला की मासा चिपाडासारखा होतो, म्हणून हा सगळा खटाटोप. दोन महिन्यांनी काढलेला तुकडासुद्धा काल धरल्यासारखा निघे. शेजारणी डब्यांवर कागद चिकटवून नावं लिहीत, त्याचं तिला हसू येई. "मला लिहून ठेवायला काय झालंय? माझ्या फ्रीजरमधलं मला डोळे मिटून सापडतं," ती म्हणायची.

आणि ते खरंही होतं. उजवीकडे खायचा मासा. डावीकडे संशयाचा.

संशयाचा म्हणजे पिकुआ. वीतभर जबड्याचा, दातेरी, चवीला झकास. पण खडकांमध्ये वाढलेला मोठा पिकुआ कधी कधी अंगात विष घेऊन येतो. ते ना वासाला कळतं, ना रंगाला, ना जिभेला. उकळा, तळा, वर्षभर गोठवून ठेवा, जात नाही. म्हणून गावात रीत अशी, की मोठ्या पिकुआचं डोकं आधी मांजरीला घालायचं आणि दोन दिवस तिच्यावर नजर ठेवायची. मांजर उड्या मारत राहिली तर चूल पेटवायची.

मंगळवारी ओनेलिओने एक हातभर तांबोशी आणि कमरेएवढा पिकुआ आणला. एदेल्मिराने दोन्ही सोलून तुकडे केले. तांबोशीचे चार डबे उजवीकडे, पिकुआचे सात डावीकडे, आणि डोकं कानेला नावाच्या मांजरीच्या पुढ्यात.

बुधवारी पहाटे वीज गेली ती गेलीच. गुरुवारी पहाटे मुलगा, रेइनिएर, आठ किलोमीटर सायकल हाणत आला तेव्हाही घर अंधारातच होतं.

"आई, यानीसेतसाठी काही आहे का गं? अंगावर पाजतेय, डॉक्टर म्हणाली मासे द्या."

एदेल्मिराला तेवढंच हवं होतं. सून यानीसेत ओल्गीन या शहरातली, तोंडावर गोड पण अंतर ठेवून वागणारी. तीन वर्षांत 'सासूबाई, तुम्ही कशाला त्रास घेता' यापलीकडे गाडी गेली नव्हती. नात दोन महिन्यांची झाली आणि एदेल्मिराने तिला धरलं होतं फक्त एकदा, तेही सून समोर हात पसरून उभी असताना. आज तांबोशी जाऊ दे, तिने मनात म्हटलं. तांबोशीला कोण नाही म्हणेल?

गारवा जाऊ नये म्हणून तिने झाकण वीतभरच उचललं, आत हात घातला, उजवीकडचा वरचा डबा ओढला आणि झाकण दाबलं. सगळं एका श्वासात. "तांबोशी आहे, सांग तिला. लसूण आणि लिंबू, बाकी काही नको," ती म्हणाली. रेइनिएर डबा टॉवेलात गुंडाळून निघून गेला.

साडेदहाला कानेला अंगणात आली ती मागचे पाय ओढत. पुढच्या पायांवर रेटा देत सावलीपर्यंत पोचली, ओकली आणि तिथेच कलंडली.

"ओनेलिओ! पिकुआ वाईट निघाला रे!"

वाईट वाटलं ते मांजरीपुरतंच. मासा अजून कुणी तोंडाला लावला नव्हता, रीत होती ती एवढ्यासाठीच. डावीकडचे डबे पुरून टाकायचे म्हणून तिने झाकण पूर्ण उघडलं, एक डबा काढला आणि सुरीने वरचा भुसभुशीत बर्फ खरवडला. आतला तुकडा गुलाबी होता.

पिकुआ राखाडी असतो. गुलाबी असते तांबोशी.

तिने दुसरा डबा खरवडला. गुलाबी. तिसरा, चौथा, सगळे गुलाबी. मग उजवीकडचे सहाच्या सहा खरवडले. राखाडी.

"कुणी हात लावला याला?"

ओनेलिओ दारात आला, कानेलाकडे पाहत. "मी लावला. काल तू पावाच्या रांगेत होतीस तेव्हा. उजवीकडचं रबर फाटलंय ना, तिथूनच गारवा पळतो. म्हटलं, तांबोशी वितळायला नको. ती डावीकडे घातली अन् पिकुआ इकडे. सांगणार होतो, म्हातारे, पण..."

"पण काय?"

"डॉमिनोचा डाव मांडला होता पोरांनी."

एरवी तिने गाव गोळा केलं असतं. आता ती थेट मोबाइलकडे धावली. मोबाइलचा टॉवरही विजेबरोबर झोपलेला. बाळाला अंगावर पाजणारी पोर, आणि तिच्या ताटात तिने, एदेल्मिराने, स्वतःच्या हाताने काढून दिलेला डबा.

शेजारचा गुमेर घोडागाडी जुंपतच होता. ती चप्पल न घालताच वर चढली.

"कुठं, काकू?"

"पोराकडे. हाण."

"अहो, त्याला आजच नाल ठोकलेत, जरा दमानं..."

"गुमेर, तुझ्या आईची शपथ, हाण!"

वाटेत तिने हिशेब लावून पाहिला. रेइनिएर सातला पोचला असेल. बर्फ सुटायला तास. यानीसेत बाळाला अंघोळ घालून मग स्वयंपाकाला लागते, म्हणजे जेवण एकच्या आत नाही. मग वाटे, पण भूक लागली असेल तर? पाजणाऱ्या बाईला भूक कधीही लागते. ती देवीला काहीबाही कबूल करत होती, मध्येच घोड्याला शिव्या देत होती. सुनेला काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं, आणि ऐकल्यावर सून बाळाला पुन्हा हातात देणार नाही हेही. नसू दे. जिवंत असू दे म्हणजे झालं.

घराशी पोचली तेव्हा लसणाचा वास रस्त्यापर्यंत आला होता.

"खाऊ नका! थांबा!" ती ओरडतच आत शिरली. "तो पिकुआ आहे! वाईट आहे! माझी चूक झाली!"

यानीसेत बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. टेबलावर तळलेले तुकडे झाकून ठेवलेले, बाजूला एकच उष्टी ताटली.

"तू खाल्लंस?" एदेल्मिराने तिचा दंड धरला. "खरं सांग, पोरी. एक घास तरी?"

"नाही."

"चवीपुरतं?"

"नाही खाल्लं, सासूबाई."

एदेल्मिरा मटकन खुर्चीवर बसली. "देवीची कृपा. पण का नाही खाल्लंस?"

यानीसेतचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मी... मी आधी मांजराला घालते."

"तांबोशी? तांबोशी कुणी मांजराला घालतं का?"

"तुमच्याकडून येतं ते सगळं," ती खाली बघत म्हणाली. "पहिल्यापासून. मला मासे ओळखता येत नाहीत. डब्यात त्याला ना तोंड, ना कातडी. मला भीती वाटते. आज सकाळीच घातला तुकडा, दोन दिवस थांबायचं म्हणून."

तीन वर्षं. इतके डबे, इतकं सोलणं, टिपणं, गोठवणं, आणि सगळ्याची पहिली चव मांजराला. एदेल्मिराला तो अपमान चांगलाच लागला, पण त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. तिची नजर उष्ट्या ताटलीवर गेली.

"मग हे कुणी खाल्लं?"

मागच्या दारातून रेइनिएर आला. चेहरा पांढराफटक. "मी. सकाळीच, बर्फ सुटल्या सुटल्या. हिच्याशी भांडलो मी. म्हटलं, माझ्या आईच्या हातचं, त्याला मांजर कशाला? मग मीच तळला आणि चांगले चार तुकडे खाल्ले." त्याने माठातलं पाणी पेल्यात घेतलं, घोट घेतला आणि पेला टाकूनच दिला. "हे पाणी कुणी तापवलं? चटका बसला!"

माठातलं पाणी गारच होतं. एदेल्मिराने अशी माणसं पाहिली होती, ज्यांना गार ते गरम लागतं, ज्यांचे ओठ महिनाभर मुंग्या आल्यासारखे होतात. बहुतेक सगळी जगतात. बहुतेक.

"गुमेर! गाडी वळव! दवाखान्यात!"

गुमेरने आणि दोघींनी त्याला गाडीत घातलं. तो ओकत होता आणि मध्येच म्हणत होता, "आई, तू मुद्दाम थोडंच..." तिला ते ऐकवेना. ज्याने विश्वास ठेवला तोच पडला होता.

यानीसेत चाकावर पाय देऊन वर चढायला लागली आणि अडली. एका हातात बाळ, दुसरा हात नवऱ्याच्या डोक्याखाली हवा होता. तिने मागे वळून बाळ पुढे केलं.

"घ्या हिला, सासूबाई. मी ह्याला धरते."

एदेल्मिराचे हात पुढे आले आणि वाटेतच थांबले. नखांत अजून पिकुआचे राखाडी कण होते.

"थांब," ती म्हणाली, "आधी हात धुते."

आणि घोडा पाय आपटत असताना तिने अंगणातल्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवले, साबण लावला, धुतले, परत लावला, परत धुतले. सून बाळाला तसंच पुढे धरून उभी होती.