एक जूनची जयंती

"ताय, तू टोपली धर ना गो. फोटोत तू नाय आलीस तं लोकं काय म्हनतील?"

हेमंत वॉर्डाच्या दारात उभा होता. कडक पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, मागे टोकावड्याहून आणलेली पाच-सहा माणसं. त्यातल्या दोघांनी फ्लेक्स ताणून धरला होता: 'मातोश्री कै. यमुनाबाई यांच्या जयंतीनिमित्त रुग्णांना फळवाटप.'

रत्ना, त्याची थोरली बहीण, मुरबाडच्या दवाखान्यात बावीस वर्षं आया होती. तिने फ्लेक्स नीट पाहिला. आधार कार्डावरचा आईचा चेहरा उचलून त्याला पैठणी नेसवली होती, गळ्यात सोनं घातलं होतं, गाल गोरे केले होते. तारीखही कार्डावरचीच, एक जून. आईला स्वतःचा जन्मदिवस ठाऊकच नव्हता. "भाताची आवनी चालू होती तवा झाले मी," एवढंच ती सांगायची. कार्ड काढणाऱ्याने एक जून टाकला. आता पंचायतीची निवडणूक आली म्हणून हेमंतने त्या तारखेची जयंती केली.

"आय आठ महिने अंथरुनात होती, माझ्या खोलीत," रत्ना म्हणाली. "तू किती येळा आलास रे?"

"हे हितं काढू नको. माझ्या मागं किती कामं व्हती, तुला म्हाईत हाय."

"दोनदा आलास. दुसऱ्या खेपेला दारातनंच गेलास. वास येतो म्हनालास."

मागे कोणीतरी खोकलं. हेमंतने हसू तसंच ठेवून टोपली पुढे केली.

"मी नाय धरनार," रत्नाने हात पाठीमागे घेतले.

मग दुसऱ्या कोणी टोपली धरली. हेमंत खाटेखाटेपाशी थांबत गेला. फोटो निघेपर्यंत तो केळं हातातून सोडत नव्हता. तापाने पडलेल्या एका बाईला त्याने तेच केळं दोनदा घ्यायला लावलं, पहिला फोटो हलला म्हणून. पंधरा मिनिटांत सगळे गाडीत बसून गेले.

रत्ना फरशीवरच्या साली गोळा करू लागली. हेमंतच्या नावाने थुंकावंसं वाटत होतं. पण आत्ताच आपण 'वास' म्हणालो, ते तिला टोचत राहिलं.

एकदा दिवसभर वॉर्डात रुग्णांचं करून ती घरी आली, तर आईने अंथरूण खराब केलेलं. परक्यांचं करताना जे कधी केलं नव्हतं ते तिने त्या दिवशी केलं. नाकाला पदर लावला, मान फिरवली. आई बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून आई घासभर खाऊन ताट सरकवू लागली. "भूक नाय गो." पाण्याचा तांब्याही भरलेलाच राहायचा. रत्नाला वाटलं, वय झालं. आई गेल्यावर, तेराव्याला, शेजारच्या गिरजाने सांगितलं, "यमू म्हनायची, मी खाल्लं तं पोरीला उपसावं लागतं."

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. हेमंत दारातून पळाला, हे मात्र ती सगळ्यांना सांगत आली होती. सालींची बादली हातात धरून उभी असताना तिला त्या फ्लेक्सची जेवढी किळस आली, तेवढीच स्वतःचीही आली.

दुपारी जेवणं आली. कोपऱ्यातल्या खाटेवर शेणवे गावची जिवली म्हातारी होती. कमरेचं हाड मोडलेलं, सोबतीला कोणी नाही. तिने जेवणाला न शिवताच ताट बाजूला केलं.

"का गो आये, जेवत नाय?"

"नको बाय. मंग परत तुलाच तरास. सकाळपासना दोनदा भांडं काढलंस."

रत्नाने हात धुतले, स्टूल ओढलं, भातावर वरण घेऊन मऊ कालवलं आणि घास पुढे केला.

"खा. मी हाय ना हितं."

म्हातारीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग आ केला.