मालखान्यातली मशीन

मी एक शिलाई मशीन बोलतेय. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या पोलीस ठाण्यात मालखाना म्हणून एक खोली आहे. तिथे जप्तीच्या कुऱ्हाडी आणि दारूचे डबे यांच्यामध्ये मी बसले आहे. सोबत भरपूर, पण बोलायला कुणी नाही.

माझं खरं घर मनकर्णेकडे. तिचा नवरा गेला तेव्हा भावाने, डोमाजीने, मला अमरावतीहून आणलं. पहिल्या दिवशी तिने माझं चाक भीतभीतच फिरवलं. पुढे मात्र अख्ख्या गल्लीची पोलकी आणि पोरींचे झगे आम्ही दोघींनी शिवले. फार सुखाचे दिवस होते ते.

ठाणेदार खुशालरावांच्या घरचे कपडेही यायचे, फुकट. १९६२ सालच्या दिवाळीत मनकर्णा त्यांना म्हणाली, "साहेब, आता फुकट नाई शिवत मी." झालं! आठच दिवसांत मी चोरीची ठरले. ठाण्याचे नेहमीचे दोन पंच पान चघळत आले, मान डोलावून गेले, आणि मला उचललं.

पण मालखान्यात कुठली? मी गेले ती थेट ठाणेदारांच्या क्वार्टरमध्ये. त्यांच्या बायकोने हौसेने लेकीसाठी गुलाबी झगा शिवायला घेतला आणि मी कुरकुरले म्हणून माझ्यात चक्क जवसाचं तेल ओतलं! ते आत वाळून चिकट झालं. मी अडकले, तशी मला कापड गुंडाळून, लाखेचं सील ठोकून मालखान्यात ढकललं.

मनकर्णा ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. "माही मशीन देजा ना, साहेब." आतून मला तिचा आवाज ऐकू यायचा. हाक मारता येत नाही, याचं इतकं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

त्याच सुमारास सत्यभामा जमादार अमरावतीहून आल्या. ठाण्यात बाई पोलीस हवी ती फक्त बायकांची झडती घ्यायला, असं सगळ्यांचं मत. बाकी वेळ त्यांना रिकामंच बसवत. एकदा त्यांनी मनकर्णेची हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, "मनकर्णाबाई, तुमी मशीनले कोनतं तेल टाकता?"

"मशीनचं. दुसरं कोन टाकते वो?"

सत्यभामाबाईंना कापडातूनच जवसाचा वास आला होता. वरच्या साहेबांना बोलावून त्यांनी सील फोडायला लावलं. खुशालराव सांगत होते, "जप्तीपासून मशीन इथून हालली नाई." बाईंनी माझी खालची पट्टी सरकवली. बॉबिनवर गुलाबी दोरा होता. ठाणेदारांची लेक तोच झगा घालून रोज ठाण्यात बागडायची. वरच्या साहेबांनी दोरा आणि झगा, दोन्ही लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी मनकर्णेला बोलावलं. "तुही मशीन आजच घेऊन जाय. वरच्या साहेबाले फक्त सांग, का घरात मीच जवसाचं तेल टाकलं, दोराबी माहाच हाये."

मनकर्णेने माझ्यावर हात ठेवला. खरं सांगते, मला वाटलं, हो म्हण बाई, आणि चल घरी.

ती म्हणाली, "माही भेटन साहेब. पन उद्या दुसऱ्या बाईची उचलसान, त्याचं काय?"

खुशालराव निलंबित झाले, खटला उभा राहिला, आणि मी त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाले. सत्यभामाबाईंनी स्वतःच्या हाताने मला पुन्हा सील केलं. त्यांचे डोळे भरले होते. महिन्याभरात त्यांची बदली झाली.

त्याला सहा वर्षं झाली. मनकर्णा आता हातानेच गोधड्या शिवते. आम्ही भेटतो ते फक्त तारखेला, कोर्टात. मागच्या तारखेला तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसायला हात पुढे केला. शिपाई ओरडला, "बाई, हात नका लावू!" वकिलाने विचारलं, "हीच का तुमची मशीन?" मला ओळखायला तिला अगदी जवळ यावं लागलं. डोळे बारीक करून तिने पाहिलं आणि म्हणाली, "हो, हेच."

न्यायाधीश महाराज, निकाल कुणाच्याही बाजूने द्या, असं मी म्हणणार नाही. तो तिच्याच बाजूने द्या. पण तिला सुईत दोरा ओवता येतोय, तोवर द्या.