म्हाताऱ्याचे तीन स्वभाव

जेम्सनं बायकोच्या, कृपाच्या हातातून फोन हिसकावला, तेव्हा पडद्यावरचा म्हातारा अजून जळत होता. बिनदाराच्या खोलीत तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत होता, हात वर करून ओरडत होता, आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत त्याचं नाव तरंगत होतं. जेम्सनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ह्यो कोण?"

कृपा भिंतीला टेकून बसली होती, तशीच बसून राहिली.

स्वीटी मोरीपाशी हात धूत होती. चर्चमधून येऊन तिघं नुकतीच जेवली होती, मटणाच्या पातेल्यावर झाकण पडायचं होतं. आतल्या खोलीत जेम्स-कृपाची लहानगी दबोरा झोपली होती. स्वीटी कारेगावात खोली घेऊन राहायची, जवळच्याच कंपनीत तयार पार्ट तपासायची, आणि सुट्टी जुळली की दौंडला धाकट्या भावाकडं, जेम्सकडं यायची.

"तुला इचारतोय मी. माझं नाव का दिलंय ह्याला?"

"गेम हाय," कृपा म्हणाली. "ताईंनी शिकवला."

म्हातारा कोसळला. आग विझली, अंगणात एक दगड उगवला, आणि पडद्यावर वारस निवडायची चौकट उघडली.

गेम स्वीटीनंच शिकवला होता, हे खरं. एक घर असायचं, त्यात माणसं जन्मायची, वाढायची, राबायची, म्हातारी व्हायची. घरचा कर्ता मेला की सगळं थांबायचं आणि गेम वारस विचारायचा. वारस एकच. घर, शेत, गुरं सगळं त्याचं, बाकीची भावंडं पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडायची ती पुन्हा दिसायची नाहीत. वारस नेमलाच नाही, तर घर ढासळायचं आणि खेळ संपायचा. मात्र घराबरोबर आणखी एक गोष्ट यायची. मेलेल्या माणसाचे तीन स्वभाव असायचे, त्यातला एक वारसाच्या अंगात उतरायचा. कोणता, ते गेम सांगत नसे. पुढं खेळता खेळता कळायचं.

लॉकडाऊनमध्ये बहीणभावांनी हा गेम गच्चीवर बसून खेळला होता. खाली त्यांचे वडील होते. फिलिप रेल्वेत फिटर, एरवी दिवसभर कामावर, पण तेव्हा घरीच असायचे. त्यांनी जेम्सचे पुढचे दात पाडले ते त्याच दिवसांत, आणि स्वीटीचं मनगट दारात घालून दार लावलं तेही तेव्हाच. आई आधीच गेली होती, ती सुटली असं दोघंही मनातल्या मनात म्हणायची.

मग गच्चीवर ती दोघं गेममधला म्हातारा मारायची. नाव दिलं फिलिप. स्वभाव दिले भडकू, कामसू आणि गोडगळ्या, कारण तिन्ही खरे होते. हा माणूस चर्चमध्ये गायला उभा राहिला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. गेममध्ये जेम्स त्याला विहिरीत ढकलायचा, स्वीटी त्याच्या खोलीचं दारच काढून टाकायची आणि तो भुकेनं रांगायला लागेपर्यंत बघत बसायची. वारस म्हणून दर वेळी जेम्स नावाचा पोरगा. त्यानं कुत्र्याला लाथ घातली की भडकूपणा आला म्हणायचं, सगळं पुसायचं, आणि म्हाताऱ्याला नव्यानं मारायचं.

एका दुपारी तो पोरगा झाडांना पाणी घालता घालता गुणगुणायला लागला.

"गाणं आलं मला, ताई!" जेम्स गच्चीवर नाचला होता. "तुला काय आलं?"

"मला काय येतंय? मी चालले पिशवी घेऊन," स्वीटी हसून म्हणाली होती. "बरंय की."

मागच्या वर्षी फिलिप खरोखर गेले, झोपेत, कुणी काही न करता. स्वीटीनं घरावरचा हक्क आपण होऊन सोडला. त्या माणसाची वीटसुद्धा तिला नको होती. जेम्स चर्चमध्ये वडिलांच्या जागी उभा राहून गायला लागला. पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला तेव्हा ती मागच्या बाकावर ढसाढसा रडली होती. मध्यंतरी कृपाला करमत नाही म्हणून स्वीटीनंच तिच्या फोनवर गेम घालून दिला. ऐन उन्हाळ्यात कृपा मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस का घालते, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही.

आता विचारायची गरज उरली नाही.

जेम्सनं फोन कृपाच्या तोंडावर मारला. फेकला नाही, हातात धरूनच मारला, वीट मारावी तसा. काच फुटली आणि तिच्या भुवईखालून रक्ताची धार गालावर आली.

"मला जाळतीस? माझ्याच घरात बसून?"

त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं. कृपा ओरडली नाही. तिनं दोन्ही हात पोटाशी घेतले आणि हनुवटी छातीला टेकवली. मार कुठं बसणार हे ठाऊक असलेलं माणूस अंग असं आवळून घेतं. स्वीटीला ते बघताक्षणी ओळखू आलं.

"जेम्स! सोड तिला!"

तिनं त्याला मागून कवेत धरून ओढलं. त्यानं कोपर मागं हाणलं. ते तिच्या ओठावर बसलं आणि ती मोरीच्या कट्ट्यावर आदळली. तोंड रक्तानं भरलं. जेम्सनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तो केस न सोडता कृपाच्या बरगडीत लाथ घालत होता, थांबून श्वास घेत होता, परत घालत होता.

स्वीटीच्या हाताला धोपाटणं लागलं. धुणं धोपटायचं बाभळीचं, ओलं आणि जड. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि जेम्सच्या कोपरावर घातलं.

ओला फाटा मोडावा तसा आवाज झाला. जेम्सची मूठ उघडली. कृपा त्याच्या पायांतून सरपटत निसटली आणि आतल्या खोलीत गेली. जेम्स लोंबणारा हात दुसऱ्या हातात धरून मटकन खाली बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई... हात मोडला गं."

स्वीटीनं धोपाटणं पुन्हा उचललं.

ते त्याच्या पाठीत बसलं. पुढचं गुडघ्यावर. तो कुशीवर कलंडला तेव्हा ती त्याच्याभोवती फिरून पलीकडं गेली, कारण तिकडून मांडी मोकळी होती. तिला घाई नव्हती. ती जागा बघत होती, पाय नीट रोवत होती, आणि मगच मारत होती. ओठातलं रक्त हनुवटीवरून ड्रेसवर गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. बाहेर मालगाडी चालली होती, तिचा खडखडाट घरभर भरून राहिला होता.

"हात काढ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तोंडावरचा हात काढ म्हणते ना. काढ."

जेम्सनं हात काढला नाही. त्यानं गुडघे पोटाशी ओढले, धड हातानं कान झाकला आणि डोळे मिटून घेतले.

"बास ना, पप्पा," तो म्हणाला. "न्हाई करणार. बास."

मालगाडी निघून गेली. पातेल्यावर एक माशी बसली होती.

आतल्या दारात कृपा उभी होती. दबोरा जागी झाली होती आणि आईच्या कडेवर, तिच्या मानेत तोंड खुपसून होती. कृपाचा एक डोळा सुजून बंद होत आला होता. उघड्या डोळ्यानं ती जेम्सकडं बघत नव्हती.

"चल," स्वीटी म्हणाली. तिला दम लागला होता. "माझ्याकडं चल कारेगावला. आधी पोलिसात जाऊ, मग..." कृपाच्या गालावरचं रक्त टिपायला ती ओढणीचं टोक घेऊन पुढं झाली.

कृपानं लेकीच्या डोक्यावर हात धरला आणि एक पाऊल मागं घेतलं.

"ताई, ते खाली ठेवा आधी."

स्वीटीनं खाली बघितलं. मग वाकून तिनं धोपाटणं फरशीवर ठेवलं, आवाज होऊ न देता.

शेजारच्या धुरपदाकाकू दारात आल्या. त्यांनी जेम्सकडं बघितलं, कृपाच्या तोंडाकडं बघितलं.

"ह्याला मी दवाखान्यात नेते, उचलायला पोरं हायेत माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही निघा. आत्ताच्या आत्ता निघा."

एसटी स्टँडवर ऊन उतरत होतं. स्वीटीनं नळावर तोंड धुतलं, ओढणी भिजवून कृपाला दिली. कृपानं ती घेतली आणि स्वतःच डोळ्यावर धरली. दबोरा तिच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती.

"गेममधी," स्वीटीनं विचारलं, "वारस कुणाला करतीस?"

"कुणालाच न्हाई." कृपा समोर बघत म्हणाली. "ती चौकट आली की बंद करते. दर येळी."

"मग घर पडतं की."

"पडू द्या."

स्वीटीचे तळवे हुळहुळत होते. तिनं ते मांडीखाली घेतले.

"त्यानं तुला मारून टाकलं असतं, कृपा."

"व्हय. टाकलं असतं." कृपानं दबोराच्या हनुवटीवरचा चुरा पुसला. "तुम्ही होतात म्हणून वाचले मी. म्हाईतीये मला. पण कारेगावला नको, ताई. मी शिरूरला उतरते, आईकडं. पोलिसातबी तिकडूनच जाईन, आईला घिऊन."

शिरूरची गाडी लागली, कारेगावला जायलाही तीच होती. लोक चढायला लागले. स्वीटीनं पुढं घुसून खिडकीची जागा धरली, रुमाल टाकला, आणि कृपासाठी हात वर केला. कृपानं तो बघितला. तिनं दबोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि वाट काढत पुढं गेली. ड्रायव्हरच्या मागं एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिच्याशेजारी कृपा अंग चोरून टेकली. म्हातारीनं तिचा डोळा बघितला, पाटी पायांत ओढली आणि जागा करून दिली.

गाडी भीमेचा पूल ओलांडून गेल्यावर कंडक्टर आला. स्वीटीनं दोन तिकिटं मागितली आणि पुढं बोट दाखवलं.

"त्या बाई, लेकरू हाय ना, त्यांचंपण द्या."

कंडक्टर पुढं गेला. वाकून कृपाला त्यानं काहीतरी विचारलं, मागं स्वीटीकडं मान करून. इंजिनाच्या आवाजात कृपाचं बोलणं ऐकू आलं नाही. नुसती मान हललेली दिसली, आडवी. मग तिनं पैसे काढून दिले.

कंडक्टर परत आला.

"त्या म्हनत्यात, सोबत न्हाईत."

त्यानं स्वीटीला एकच तिकीट फाडून दिलं.